सोसायटीचे दप्तर संगणकावर नेताना: सहकार आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. सहकार आयुक्त व निबंधक,
सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: विकास सोसायट्यांचे हस्तलिखित दप्तर संगणकावर नेताना तपासणीची पद्धत बदलण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली आणि त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद केली. आपल्या राज्यात या संस्थांना विकास सोसायट्या म्हणतात; त्यांतल्या हजारो या योजनेत आल्या. ज्या खोलीत काल-परवापर्यंत लाल कापडात बांधलेले दप्तर, शाईचा शिक्का आणि एक लोखंडी कपाट एवढेच होते, तिथे आता संगणक, प्रिंटर आणि देशभर सारखीच असलेली हिशेबप्रणाली आली आहे.

आम्ही या संस्थांचे हिशेब लिहिणारे आणि तपासणारे लोक. संगणक यायलाच हवा होता. वर्षानुवर्षे खतावणी (खातेनिहाय नोंदींची वही) उतरवलेली नाही, सभासदाला आपली बाकी कळायला तीन हेलपाटे घालावे लागतात, ३१ मार्चची तेरीज (सर्व खात्यांच्या बाक्यांचा दोन बाजूंचा तक्ता) ऑगस्टमध्ये निघते, ही हस्तलिखित दप्तराची जुनी दुखणी आहेत आणि ती हाताने लिहून बरी होणारी नव्हती. आमची काळजी निराळी आहे. वहीत चुका जिथे व्हायच्या तिथे संगणकात होत नाहीत, आणि संगणकात जिथे होतात तिथे पाहायची आपल्याला सवय नाही. तपासणीचे मुद्दे, सचिवांचे प्रशिक्षण, संचालकांचे प्रश्न हे बरेचसे अजून वहीतल्या चुकांभोवतीच फिरतात.

हातलिखाणात एकच रक्कम चार वेळा उतरते: व्हाउचरवर, रोजकीर्दीत (रोजच्या व्यवहारांच्या वहीत), खतावणीत आणि बाकी काढल्यावर तेरजेत. प्रत्येक उतरवणीत हात चुकू शकतो, म्हणून तेरीज हे त्या पद्धतीचे सर्वांत मोठे पारडे. ती जुळली नाही की शोध सुरू. तेरजेत ३६,००० चा फरक आला तर मुरलेला सचिव आधी त्याला ९ ने भागतो. ४,००० आले आणि बाकी काही उरले नाही, म्हणजे शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले असावेत, त्या दोन अंकांत ४ चा फरक असावा आणि जागा दशहजार-हजाराची असावी. मग तो ८४ चे ४८, ७३ चे ३७, ६२ चे २६ झाले आहे का, एवढेच पाहत जातो आणि ८४,७०० च्या जागी ४८,७०० लिहिलेले पान सापडते. तसे काही सापडले नाही तर फरकाची निम्मी रक्कम, म्हणजे १८,००० शोधायची. नावेची (डेबिट) नोंद जमेत (क्रेडिट) पडली की फरक दुप्पट दिसतो. हे आडाखे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, कारण ते लागू पडत होते.

संगणकात रक्कम एकदाच टाकली जाते. तीच नावे पडते, तीच जमा पडते, खतावणी आपोआप होते. तेरीज जुळणारच. ८४,७०० ऐवजी ४८,७०० टाकले तरी दोन्ही बाजूंना ४८,७०० पडतात आणि तेरीज जुळते. खताच्या खरेदीची रक्कम इमारत दुरुस्तीला टाकली तरी जुळते. नोंदच केली नाही तरीही जुळते. या चुका मुळातच, पहिल्या नोंदीतच झाल्या तर वहीच्या तेरजेलाही कळत नव्हत्या, पण तिथे बाकीच्या अनेक चुका तरी ती पकडत होती. संगणकावर तेरजेला न दिसणाऱ्या चुकाच तेवढ्या उरल्या आहेत. तरीही लेखापरीक्षणाच्या बैठकीत ‘तेरीज जुळली आहे ना?’ हा प्रश्न पूर्वीच्याच विश्वासाने विचारला जातो. या प्रश्नाच्या उत्तरावरून आता जवळजवळ काहीच कळत नाही.

कर्ज खतावणीचे एक पान डोळ्यांसमोर आणा. माथ्यावर सभासदाचे नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, कमाल मर्यादा पत्रकातली (कोणाला किती कर्ज द्यायचे त्या तक्त्यातली) मंजूर रक्कम, दोन जामीनदारांची नावे. खाली तारीखवार नावे आणि जमा, शेवटच्या रकान्यात बाकी. ६०,००० बाकी असलेल्या पानावर ७५,००० वसूल लिहायला गेलेला हात तिथेच अडतो, कारण बाकी बोटाखाली असते. नाव ओळखीचे, शेत ओळखीचे, जामीनदार तर गावातलाच. आता पडद्यावर सभासद क्रमांक ४१७ च्या ऐवजी ४७१ पडला तर नाव बदलते खरे, पण वसुलीच्या शेवटच्या दिवशी दारात वीस माणसे उभी असताना ते नाव वाचायला सवड कुणाला असते? ४१७ थकबाकीत जातो, ४७१ च्या खात्यावर उणे बाकी दिसू लागते आणि दोघांपैकी एकालाही पत्ता नसतो.

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. रोज दिवस बंद करण्याआधी कर्जखात्यांवरच्या उणे बाकीची यादी काढायची. कर्जखाते उणे जायला सबळ कारण क्वचितच असते, त्यामुळे यादीतले प्रत्येक नाव म्हणजे एक तर चुकलेली नोंद, नाही तर परत द्यायचा जादा भरणा. दुसरी यादी त्या दिवशी वसूल झालेल्या सभासदांची: पावतीपुस्तकातली स्थळप्रत आणि पडद्यावरचे नाव एकेक करून मोठ्याने वाचायचे, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने खूण करायची. वीस पावत्यांना दहा मिनिटे लागतात. संस्थेत दुसरा माणूस नसेल तर शिपायाने किंवा हजर संचालकाने करावे. वाचता येणारा कोणीही चालतो.

आता सर्वांत अवघड भाग, जुने दप्तर प्रणालीत चढवण्याचा. इथे घाई झाली तर पुढची दहा वर्षे निस्तरत बसावे लागेल.

आरंभीच्या शिलका टाकताना तीन आकडे समोर हवेत: जिल्हा मध्यवर्ती बँकेने दिलेला संस्थेकडील येणे कर्जाचा दाखला, संस्थेच्या सर्वसाधारण खतावणीतली सभासद कर्जाची बाकी, आणि सभासदनिहाय कर्जबाकीच्या यादीची बेरीज. समजा बँकेचा आकडा १,२०,४०,००० आहे, सर्वसाधारण खतावणीत सभासदांकडून येणे १,१२,३६,००० आहे आणि यादीची बेरीज १,१२,००,००० येते. इथे दोन फरक आहेत आणि त्यांची कुळे वेगळी आहेत. खतावणी आणि यादी यांच्यातला ३६,००० चा फरक लिखाणाचा आहे. तो शोधला की सापडतो. बँक आणि सभासद यांच्यातला ८,०४,००० चा फरक म्हणजे ज्याला आपण अनिष्ट तफावत म्हणतो ती. संस्थेने वसूल सभासदाच्या मुद्दलाला जमा केला आणि बँकेने तोच भरणा आधी व्याजात वळवला, वसुलीतून पगार आणि किरकोळ खर्च भागवला, वसूल भरायला उशीर झाला: अशा कारणांनी ती साचत जाते.

दप्तर चढवताना मोह असा होतो की दोन्ही फरक एकत्र करून ‘अनामत’ किंवा ‘सस्पेन्स’ अशा एखाद्या खात्यावर टाकायचे आणि ताळेबंद बसवायचा. प्रणाली ते मान्य करते, तिला दोन बाजू सारख्या दिसल्या की पुरते. असे केले की लिखाणाची साधी चूक तफावतीत मिसळते, तफावत अनामतीत लपते, आणि पुढच्या वर्षी जो सचिव येईल त्याला त्या आकड्याचा उगम कळायला मार्ग राहत नाही. याहून वाईट म्हणजे यादीची बेरीज बसावी म्हणून जुन्या, मयत किंवा परगावी गेलेल्या सभासदांच्या बाक्या वाढवणे. असे वाढलेले कर्ज पुढे त्यांच्या वारसांच्या नावावर दिसते.

म्हणून आमची पहिली मागणी: या तीन आकड्यांचे जुळणीपत्रक झाल्याशिवाय कोणत्याही संस्थेचे आरंभीचे आकडे कायम करू नयेत. त्यावर सचिव, अध्यक्ष, बँकेचा निरीक्षक आणि लेखापरीक्षक अशा चौघांच्या सह्या असाव्यात. लिखाणाचा फरक शून्यावर आणावा. तफावत शून्यावर येणार नाही, ती आहे तशी, स्वतःच्या नावाच्या स्वतंत्र खात्यावर, कोणत्या वर्षापासून किती वाढली या तपशिलासह चढवावी.

यादी कशी तयार व्हावी, हेही सांगायला हवे. मागच्या वर्षीच्या यादीवरून नवी यादी टंकू नये; खतावणीचे प्रत्येक पान उघडून बाकी नव्याने काढावी. टंकण्याआधी २५-२५ सभासदांचे गट पाडून प्रत्येक गटाची बेरीज कॅल्क्युलेटरवर काढून कागदावर लिहून ठेवावी. टंकून झाल्यावर पडद्यावरची त्या गटाची बेरीज तिच्याशी ताडावी. ६०० सभासदांच्या संस्थेत असे २४ गट होतात. फरक आला तर तो २५ नावांतच शोधायचा असतो, ६०० नावांत नाही.

एक बारीक गोष्ट, पण तिने फार गोंधळ होतो. जुन्या खतावण्या मराठी आकड्यांत आहेत आणि टंकणारी मुले इंग्रजी आकड्यांवर वाढलेली. मराठी ४ घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी नवासारखा. ४०,००० चे ८०,००० होतात, १०,००० चे ९०,००० होतात. शाई पसरलेली असेल तर आणखीच. ज्याला मराठी आकडे वाचायची सवय आहे अशा माणसाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने टंकावे, एवढ्याने हे टळते.

नावांचेही तसेच. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे, सोसायटीच्या सभासद नोंदवहीत तिसरे. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना राबवताना नावांचा मेळ घालणे किती किचकट असते, ते सगळ्या गटसचिवांनी (सोसायट्यांचे दप्तर सांभाळणाऱ्या सचिवांनी) अनुभवले आहे. तेव्हा जमवलेल्या दुरुस्त्या कागदांच्या गठ्ठ्यात पडून आहेत. त्या काढून सभासदाचे एकच नाव, एकच क्रमांक आणि वडिलांचे किंवा पतीचे पूर्ण नाव कायम करावे. एकाच गावात एकाच नावाचे तिघे असणे काही नवल नाही.

आणि यादी पूर्ण झाल्यावर तिचे चावडीवाचन व्हावे. सभासदाला आपली बाकी जाहीर ऐकायला संकोच वाटत असेल तर घरपोच बाकीपत्र द्यावे, खाली सही घ्यावी. हरकतीला १५ दिवस द्यावेत. ज्याचे कर्ज आहे त्याच्याइतका चांगला तपासनीस दुसरा कोणी नाही.

व्याजाबद्दल आता. वहीच्या काळात व्याज हाताने काढले जायचे: मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००. समजा १० जूनला ८०,००० कर्ज दिले, दर ६ टक्के, आणि पुढच्या वर्षी २५ मार्चला फेड झाली. वर्ष लीप नसेल तर दिवस २८८ होतात आणि व्याज ३,७८७ रुपये ४० पैसे. कर्ज दिल्याचा आणि फेडीचा असे दोन्ही दिवस धरले तर दिवस २८९ आणि व्याज ३,८०० रुपये ५५ पैसे. वर्ष ३६० दिवसांचे धरले तर २८८ दिवसांचे ३,८४० रुपये. म्हणजे एकाच कर्जाची तीन उत्तरे, आणि तिन्ही उत्तरे संगणक तितक्याच ठामपणे छापून देतो. एका दिवसाचा फरक एका सभासदामागे १३ रुपये १५ पैसे. अशी ६०० कर्जे असली तर ७,८९० रुपये. बँक संस्थेला व्याज एका रीतीने लावते आणि संस्था सभासदाला दुसऱ्या, तर हा फरक दर वर्षी साचतो आणि पुन्हा तफावतीच्या खड्ड्यातच जातो.

प्रणालीत व्याजाची ही सेटिंग कोणीतरी एकदा भरलेली असते आणि नंतर तिकडे कोणी पाहत नाही. आपल्या कार्यालयाने दिवस मोजण्याची रीत, वर्षाचे दिवस आणि पैसे पूर्णांकात आणण्याचा नियम एका परिपत्रकाने ठरवून द्यावा. प्रत्येक संस्थेत व्याज आकारणीआधी दहा खाती हाताने काढून ताडावीत: दोन नियमित, दोन मधल्या वसुलीची, दोन थकीत, दोन मध्यम मुदतीची, एक आकारणीच्या दिवशीच फिटलेले आणि एक सवलतीच्या व्याजाचे. ही दहा जुळली तर बाकीची जुळतात, कारण संगणक एकच चूक सगळीकडे सारखीच करतो. वहीत हे उलटे होते. तिथे एक पान बरोबर असले म्हणून दुसऱ्याची खात्री नसे.

थकीत कर्जावरच्या व्याजाची गोष्ट याहून गंभीर. प्रणालीत सोय चालू असेल तर ती सर्व खात्यांवर व्याज आकारते, पाच वर्षे एक रुपया न आलेल्या खात्यावरही. ते व्याज उत्पन्नात दिसते आणि नफा फुगतो. थकीत व्याजाची तरतूद त्याच वेळी केली नाही तर त्या फुगलेल्या नफ्यातून २५ टक्के राखीव निधीला जातात आणि उरलेल्यातून लाभांश जाहीर होतो. लाभांशाला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण न आलेल्या पैशातून दिलेला ५ टक्के लाभांशसुद्धा संस्थेच्या हातची रोकड बाहेर काढतो. हाताने व्याज लिहिणारा सचिव थकीत पानावर व्याज लावताना बिचकायचा. संगणक बिचकत नाही. ताळेबंदाच्या तपासणीत ‘येणे व्याज’ आणि ‘थकीत व्याज तरतूद’ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे सक्तीचे करावे.

ऊसपट्ट्यात एक चूक नेहमी होते. कारखाना ऊसबिलातून कर्जाची कपात करतो, सगळ्या सभासदांची एकत्र रक्कम बँकेत जमा होते आणि मागून कधीतरी नावांची यादी येते. समजा रक्कम १२ फेब्रुवारीला जमा झाली आणि संस्थेने यादी २० मार्चला चढवली. प्रणाली नोंदीची तारीख २० मार्च धरते. ५०,००० कपात झालेल्या सभासदाला ३६ दिवसांचे, ६ टक्क्यांनी २९५ रुपये ८९ पैसे व्याज जादा लागते. फेडीची मुदत मध्येच संपली असेल तर त्याची व्याजसवलतही जाते, आणि त्याचा दोष काय, तर यादी उशिरा आली. इथे नोंदीची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी ठेवण्याची सोय सचिवाच्या हाती हवी, आणि तिचा वापर झाला की बँकेचा जमा दाखला सोबत जोडलेला हवा.

तारखेची ही मोकळीक दिली की दुरुपयोगाची दारेही उघडतात. पानांवर क्रमांक घातलेली, पहिल्या पानावर ‘यात इतकी पाने आहेत’ असा दाखला असलेली, बांधीव रोजकीर्द हे एक कुलूप होते. मधले पान फाडता येत नव्हते, खाडाखोड दिसत होती, अक्षर ओळखू येत होते. रोजची शिल्लक अक्षरी लिहून खाली सही व्हायची. संगणकावर अक्षर सगळ्यांचे सारखे. त्यामुळे कुलूप दुसरीकडे बसवावे लागेल: प्रत्येकाचा स्वतंत्र लॉगिन, आणि बदललेल्या किंवा रद्द केलेल्या नोंदीची पुसता न येणारी नोंद. कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून अशी बदलनोंद ठेवणारी आणि ती बंद करता न येणारी हिशेबप्रणालीच वापरणे बंधनकारक झाले आहे. सोसायट्यांना तो नियम लागू नाही. त्यातले तत्त्व मात्र सोसायटीला जास्त गरजेचे आहे, कारण कंपनीत चार माणसे असतात आणि इथे एकाच गटसचिवाकडे दोन-तीन संस्था असतात. लेखापरीक्षकाला ही बदलनोंद थेट पाहता यावी, सचिवाकडून मागून घ्यावी लागू नये. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवण्याची पद्धत कृपया बंद करावी. ती चिठ्ठी असेल तर नोंदीवर कुणाचे नाव उमटते याला अर्थच उरत नाही.

हाती शिल्लक उणे दिसणे हाही असाच एक इशारा. वीज नव्हती, नेट नव्हते म्हणून चार दिवसांची व्हाउचरे एकदम टाकली, खर्चाची आधी आणि जमेची नंतर टाकली किंवा तारीख चुकली, की मधल्या एखाद्या दिवशी रोकड उणे दिसते. पेटीत उणे पैसे असू शकत नाहीत. वहीत असे पान लिहिताच येत नव्हते, कारण संध्याकाळी नोटा मोजून शिल्लक लिहायची. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की नोटांची मोजणीवही हातानेच लिहिली जावी: ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, नाणी किती, एकूण, सही. वीज असो वा नसो. पडद्यावरची शिल्लक या वहीशी जुळवायची असते. पडद्यावर पाहून ही वही भरली तर ती न ठेवलेलीच बरी.

खतविक्री करणाऱ्या संस्थांसाठी थोडक्यात. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, डीएपीची ५० किलोची. वस्तूच्या नोंदीत दोन्हींना ५० किलो टाकले की २०० गोण्या युरिया ९ टनांऐवजी १० टन दिसतो. पॉस यंत्रातला (खतविक्रीची नोंद करणाऱ्या यंत्रातला) साठा, प्रणालीतला साठा आणि गोदामातल्या थप्प्या असे तीन आकडे महिन्यातून एकदा तरी गोण्यांमध्ये जुळवावेत, टनांमध्ये नको. यंत्रातून निघणाऱ्या थर्मल कागदाच्या पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात; दप्तरी ठेवायच्या असतील तर त्यांची झेरॉक्स काढून लावावी.

वही आणि संगणक दोन्ही किती दिवस चालवायचे, हा प्रश्न सचिवांना सर्वांत जास्त छळतो. काही काळ दोन्ही समांतर चालले पाहिजे, त्यात एक ३१ मार्च आलाच पाहिजे. पण समांतर याचा अर्थ दोन्हीकडची नोंद व्हाउचरवरून व्हायला हवी. प्रत्यक्षात तपासणीच्या तोंडावर पडद्यावर पाहून वही उतरवली जाते. अशी वही म्हणजे प्रिंटच, फक्त हाताने काढलेली. ती काहीच तपासत नाही आणि सचिवाचे आठ-दहा दिवस खाते. त्यापेक्षा कोणत्या वह्या किती तारखेपासून बंद आणि कोणत्या कायम, हे स्पष्ट लिहून द्यावे. आमच्या मते सभासद खतावणी आणि सर्वसाधारण खतावणी समांतर काळ संपताच बंद व्हाव्यात. सभेचे इतिवृत्त, क्रमांक छापलेली पावतीपुस्तके आणि नोटांची मोजणीवही हातानेच राहाव्यात. रोजकीर्दीचा रोजचा प्रिंट काढून त्यावर सचिव आणि अध्यक्षांची सही व्हावी, आणि वर्षाअखेर पाने क्रमांक घालून शिवून घ्यावीत.

या प्रिंटचे महत्त्व वसुलीच्या वेळी कळते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागताना सभासदाच्या खात्याचा उतारा जोडावा लागतो. उतारा संगणकातला असेल आणि प्रकरण पुढे न्यायालयात गेले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे विहित नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत, त्यात हॅश मूल्य (फाइल बदलली की बदलणारी तिची सांकेतिक खूण) द्यावे लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. गावच्या सचिवाने हा तज्ज्ञ कुठून आणायचा? जिल्हा उपनिबंधक कार्यालयाने किंवा जिल्हा बँकेने अशी व्यक्ती ठरवून द्यावी, नमुना मराठीत भरून दाखवावा. नाहीतर थकबाकीदार कर्ज नाकारणार नाही, उतारा नाकारेल.

लेखापरीक्षकांसाठीही एक विनंती. प्रणालीतून निघणारा तयार अहवाल हाच तपासणीचा पाया धरू नये. संगणकीकृत संस्थेसाठी वेगळा तपासणी-तक्ता द्यावा आणि त्यात तेरजेच्या आधी हे विचारावे: तीन आकड्यांचे जुळणीपत्रक आहे का, उणे बाकीची यादी किती नावांची आहे, व्याजाची दहा खाती हाताने कोणी काढली, बदलनोंदीत मागील तारखेच्या नोंदी किती आणि कुणाच्या, अनामत खात्यावर वर्षापेक्षा जुनी रक्कम किती. बँक ताळमेळ (बँकेचा उतारा आणि आपल्या नोंदी यांची जुळणी) दर महिन्याचा हवा. वर्षाचा एकदम काढलेला ताळमेळ बहुतेक वेळा वर्षअखेरीला जुळवून बसवलेला असतो.

जुळणीपत्रकाचा, हाताने ताडायच्या दहा खात्यांच्या कोष्टकाचा आणि या तपासणी-तक्त्याचा कच्चा मसुदा करून द्यायला आम्ही तयार आहोत. तालुक्याच्या ठिकाणी सचिवांना हे एका दिवसात प्रत्यक्ष खतावणी समोर ठेवून शिकवता येते. त्यासाठी संगणकही लागत नाही, कॅल्क्युलेटर आणि गेल्या वर्षीची कर्ज खतावणी पुरे. ज्या संस्थांचे आरंभीचे आकडे अजून कायम झालेले नाहीत, तिथे निदान जुळणीपत्रक होईपर्यंत थांबण्याच्या सूचना तातडीने जाव्यात, ही विनंती.

कळावे,

आपले,
विकास सोसायट्यांचे हिशेब लिहिणारे व तपासणारे आम्ही काही जण